ओलं फडकं

"फडकं वाळू देऊ नको गो, बाय. हात लावून बघ मधून मधून."

हा आवाज दीपालीच्या कानात आठव्या वर्षापासून आहे. दिवाळीची सुट्टी लागली की आये तिला बरोबर घ्यायची. बुरोंडीच्या समुद्राकडे पाठ करून दोघी चढण चढायच्या. पुढे आये, डोक्यावर बांगडा मासळीची पाटी, पाटीवर ओलं फडकं. मागे दीपाली, हातात तांब्या. वर शेतकऱ्यांच्या वाड्या दीड तासाच्या वाटेवर, आणि पाऊस संपल्यानंतरचं ते पिवळं, चिकट ऊन. दीपालीला काम एकच होतं. वाटेत विहीर दिसली, ओढ्याला-पऱ्याला पाणी दिसलं की तांब्या भरायचा. आये पाटीसकट गुडघ्यांवर खाली बसायची, आणि दीपालीने फडक्यावर पाणी शिंपडायचं. पाणी आयेच्या मानेवरून पाठीवर, पाठीवरून टाचेवर उतरायचं. तांबड्या मातीत ओली पावलं उमटत जायची, आणि दीपाली त्या पावलांवर आपली पावलं ठेवत चालायची. आये गुणगुणायची, श्वास उरला असेल तेवढंच:

पाटी डोईवरी, पाणी गळतं खांद्यावरी
लेक माझी चाले मागं, ओल्या माझ्या पावलावरी

वरच्या वाडीत पहिल्या घराच्या पायरीवर पाटी उतरायची, तेव्हा आये फडकं बाजूला सारून म्हणायची, "बघा हात लावून. गार हाय का नाय?" आणि मासा गार असायचा. चाळीस वर्षं आयेने हेच केलं. तापलेल्या वस्तूवर ओलं फडकं घालायचं हे तिच्या हातांना सांगावं लागत नव्हतं.

आता गुडघे गेले होते. पाटी पडवीत पालथी होती आणि तिच्यावर मांजर झोपायचं.

दीपाली एक्केचाळीस वर्षांची झाली होती. नवरा गेल्यावर मुंबईत चार वर्षं एका कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहून तिने काढली. मग आये उंबऱ्याला अडखळून पडली, आणि दीपाली बॅग आणि लॅपटॉप घेऊन परत आली.

लॅपटॉप घेताना दुकानदार म्हणाला होता, "ताई, रोजच्या वापराला एकदम मस्त. गेम-बिम खेळणार नाय ना? मग दहा वर्षं बघायला नको."

रोजचा वापर म्हणजे त्याच्या मनात काय असेल कोण जाणे. दोन पत्रं, एखादा सिनेमा, भाचरांचे फोटो. दीपालीचा रोजचा वापर सकाळी साडेसातला सुरू व्हायचा आणि संध्याकाळी दिवा लावेपर्यंत चालायचा. मुंबईच्या एका संस्थेचं काम होतं. गावोगावच्या बायकांना प्रश्न विचारून त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केलेल्या असायच्या. त्या कानात घालून ऐकायच्या आणि शब्द न् शब्द टाइप करायचा. बाई खोकली तर कंसात 'खोकला' लिहायचं, गप्प बसली तर 'शांतता'. तीन वर्षांत दीपालीने कंसात इतक्या वेळा 'शांतता' लिहिलं होतं की तो शब्द तिची बोटं आपणहून लिहायची.

पाच वर्षांत लॅपटॉपही थकला होता. खाऱ्या वाऱ्याने त्याचे स्क्रू गंजले. बॅटरी दोन वर्षांपूर्वीच गेली, त्यामुळे वायर निघाली की तो डोळे मिटायचा. वायरही सरळ लागत नव्हती. एस्टीच्या तिकिटाची घडी खाली सरकवली की पिन बसायची. स्पेसबार डाव्या बाजूने मेला होता. बिजागरी सैल झाल्यामुळे पडदा मागे कलायचा, म्हणून त्याच्या पाठीशी मिठाचा डबा. आणि खालून हवा जावी म्हणून चारी कोपऱ्यांना चार करवंट्या पालथ्या घातलेल्या. एवढं करूनही दुपार झाली की आतला पंखा गिरणीसारखा घुमायला लागायचा.

"ह्याला ताप हाय गो," आये म्हणायची.

"यंत्र हाय, आये. तापणारच."

"यंत्र झालं म्हणून काय? हापतोय बघ कसा. म्हातारा बैल चढणीला हापतो तसा."

"मग विकून टाकू बाजारात?"

"कोण घेईल? दात बघितले की गिऱ्हाईक पळेल." स्पेसबारकडे बोट दाखवून आये हसायची. मग दीपालीच्या कानातल्या वायरीकडे बघून हसू मोडायचं. "ते कानात घातलंस की तू घरात नसतेस. मी भिंतीशी बोलते."

दीपालीला हे ऐकू यायचं नाही. खांद्यावर टकटक झाली की ती कान मोकळे करायची, आणि तोवर आयेचं बोलून झालेलं असायचं. "काय म्हणालीस?" "काय नाय. जेव म्हटलं."

त्या आठवड्यात चौदा मुलाखती द्यायच्या होत्या. सोमवारी संस्थेतल्या पूर्वी नावाच्या मुलीचा फोन आला. ती वयाने लहान, बोलायला गोड, पण त्या दिवशी गोडवा जरा राखूनच होता.

"दीपालीताई, शुक्रवारी सहाच्या आत सगळं हवंय हं. मागच्या वेळी दोन दिवस उशीर झाला, मी सांभाळून घेतलं. या वेळी नाही जमणार. हे काम मागणारी अजून एक बाई आहे."

"देते गो. नक्की देते."

काम गेलं तर काय, हे तिला पुन्हा मनात उगाळायची गरज नव्हती. पुन्हा मुंबई, पुन्हा दुकानातलं उभं राहणं. आणि आयेला आपल्या मुंबईतल्या भावाकडे, काशीरामच्या खोलीत, जिथे खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसते. आये एकदा पंधरा दिवस तिथे राहून आली होती. आल्यावर म्हणाली, "तिथं वारा कुठून येतो तेच कळत नाय." एवढंच म्हणाली होती. पण त्यानंतर मुंबईचं नाव निघालं की ती उठून चुलीशी जायची.

म्हणून दीपाली टाइप करत होती. पहाटे उठायची, पाठीला उशी लावायची, कानात बायका. 'तुम्हाला थकवा जाणवतो का?' 'जाणवतो ना.' 'कधी?' 'कधी म्हणजे?' (शांतता)

मंगळवारी दुपारपर्यंत सहा झाल्या. त्या सहा तिने पाठवायला लावल्या. गावात रेंज पाहुण्यासारखी, आली तर आली. फाईल मुंगीच्या चालीने सरकत होती. आयेच्या गुडघ्याच्या गोळ्या संपल्या होत्या.

"आये, मी नाक्यावर जाऊन गोळ्या आणते. ह्याला हात लावू नको हं. चालू राहू दे."

"मी कशाला लावते?"

"वायर हलली तर सगळं पहिल्यापासून."

"जा गो तू. तुझ्या बाळाला बघते मी."

नाक्यावर दुकानदार जेवायला गेलेला. तो येईपर्यंत दीपाली बाकावर बसली आणि बसल्या जागी तिची मान दोनदा खाली पडली. परत यायला तास-सव्वा तास गेला.

पडवीत आये बांगडे साफ करत होती. आतून पंख्याचा आवाज येत नव्हता.

लॅपटॉप काळा पडला होता. दीपालीने बटण दाबलं. वायर काढली, तिकिटाची घडी नीट केली, पुन्हा लावली, पुन्हा दाबलं. एक मिनिट दाबून धरलं. काही नाही. एरवी हिरवा ठिपका तरी लागायचा.

"आये, लाइट गेली होती काय?"

"गेली असेल."

"असेल म्हणजे? तू इथेच होतीस ना?"

"मी मासे धूत होते. मला काय कळतं त्यातलं." आयेने मान वर केली नाही. सुरी खवल्यांवर उलटी फिरत होती, चर्र, चर्र.

दीपाली चटईवर बसली. रडायला हवं होतं, पण रडायलाही अंगात काहीतरी लागतं. पाठ टेकू थोडी, मग बघू, असं म्हणून ती आडवी झाली. मागच्या दोरीवर एक फडकं वाळत होतं, वाऱ्याने हलत होतं. ते हलताना बघता बघता तिचे डोळे मिटले.

उठली तेव्हा घरात दिवा लागलेला होता. अंगावर आयेचं जुनं लुगडं. आये शेजारी पाय लांब करून बसलेली, हातात ताडाचा पंखा.

"किती वाजले? उठवलं का नाहीस?"

"उठवणार होते," आये म्हणाली, आणि पंखा हलवतच राहिली.

बुधवारी पहिल्या एस्टीने दीपाली दापोलीला गेली. लॅपटॉप उशीच्या खोळीत गुंडाळून मांडीवर घेतलेला. बसस्टँडच्या मागे विनीतचं दुरुस्तीचं दुकान होतं. विनीत पस्तिशीचा, तोंडाळ, हात मात्र हळू. त्याने स्क्रू काढले, दोन गंजून बसले होते ते तेल सोडून काढले, पाठ उघडली आणि नाक जवळ नेलं.

"ताई, राग नका मानू. पण याला माशाचा वास येतोय."

"किनाऱ्यावरचं घर आहे. सगळ्यालाच येतो."

"तसा नाय. आणि पाणी गेलंय यात. हे बघा डाग. बरंच गेलंय." चिमटा आत घालून त्याने काहीतरी अलगद उचललं आणि दिव्याखाली धरलं. डाळीएवढं, पारदर्शक, कडेला चंदेरी. "हा काय प्रकार? खवला? आजपर्यंत झुरळं काढली, पाल काढली, एकदा सोन्याचा मणी निघाला. मासा पहिल्यांदाच. यात मासेमारी केलीत काय?"

दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक हसलं. दीपालीच्या डोळ्यांपुढे दोरीवरचं फडकं आलं. वाऱ्याने हलणारं. सकाळी धुण्यात नसलेलं.

"सांडलं असेल घरात काहीतरी," ती म्हणाली.

"सांडलेलं एका जागी असतं. हे सगळीकडून झिरपलंय. कुणीतरी शिंपडल्यासारखं."

विनीतने मग थट्टा सोडली. आतली माहिती सुखरूप असेल, ती काढून देतो, म्हणाला. मशीनचं मात्र सांगता येत नाही. धुऊन, सुकवून बघावं लागेल, तीन दिवस तरी. तिने शुक्रवारचं सांगितलं. त्याने कोपऱ्यातल्या एका संगणकावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली.

"इथे बसून करा. पंखा तेवढा नाय त्या कोपऱ्यात."

परतीच्या एस्टीत दीपालीच्या मनात वाक्यं तयार होत होती. सांगून गेले होते ना हात लावू नको म्हणून. आणि वर खोटं बोललीस. लाइट गेली असेल म्हणे. किती कळतंय तुला, हे काम गेलं तर तुलाच त्या खोलीत... प्रत्येक वळणावर एक वाक्य. पण चढउताराला एस्टी हेलकावे खात होती, खिडकीतून काजूची झाडं मागे जात होती, आणि वाक्यं एकेक करून गळून पडत होती. राग धरून ठेवायलाही दोन हात मोकळे लागतात.

घरी आये उंबऱ्यात उभी होती. दुखऱ्या गुडघ्यावर किती वेळ उभी होती कोण जाणे.

"मेला काय तो?"

"बघतो म्हणालाय."

"कशानं झालं म्हणाला?"

दीपालीने चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. "काय ते बोलला नाय," ती म्हणाली.

आयेने ताट वाढलं. आमटीत बांगड्याचा मधला तुकडा तिने दीपालीच्या ताटात घातला, मग स्वतःच्या वाट्याचाही. दोघी जेवल्या.

बुधवारची उरलेली दुपार गेलीच होती. गुरुवार, शुक्रवार दीपालीने त्या कोपऱ्यात काढले. शेजारी कुणी मोबाइलची काच बदलून घेत होतं, कुणी रिमोट आपटत होतं. ती कान बंद करून टाइप करत होती. विनीतचा स्पेसबार दोन्ही बाजूंनी चालायचा, आणि तिचा अंगठा सवयीने उजवीकडेच जायचा.

बारावी मुलाखत कुठल्यातरी डोंगरातल्या बाईची होती. आवाज आयेपेक्षा थोडा पातळ.

'दुपारी विश्रांती घेता का?'

'दुपारी आडवी झाले तर घरातली इचारत्यात, बरं नाय काय गं? म्हणून मग नाय होत आडवी.'

'शेवटचं पोटभर कधी झोपलात, आठवतं का?'

दीपालीची बोटं थांबली. रेकॉर्डिंगमध्ये कोंबडा ओरडत होता, कुणीतरी भांडी घासत होतं. बाई बराच वेळ बोललीच नाही. दीपालीने कंसात 'शांतता' लिहिलं आणि ती स्वतःच त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागली. उत्तर लगेच सापडलं. मंगळवारी.

शुक्रवारी पाच वाजून चाळीस मिनिटांनी चौदावी फाईल गेली. दोन मिनिटांत पूर्वीचा निरोप आला: 'मिळालं. थँक्यू ताई. सोमवारी पुढचे वीस पाठवते. मशीन आहे ना नीट?'

दीपालीने विनीतकडे बघितलं. त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवून बटण दाबलं. हिरवा ठिपका लागला. मग पंखा फिरला, आधी खरखरत, मग सुरात.

"उठला बघा म्हातारा. पण खरं सांगू, ताई? रोजच्या वापराला नाय आता हा."

"मग कसल्या वापराला?"

"जपा," तो म्हणाला. चिमट्याने काढलेला खवला त्याने कागदाच्या पुडीत ठेवला होता. तो हसत तिच्या हातात दिला. "आणि ही तुमची मासळी."

तिने पूर्वीला लिहिलं, 'आहे.'

घरी पोचली तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. तिने चार करवंट्या मांडल्या, वर लॅपटॉप ठेवला, पाठीशी मिठाचा डबा. तिकिटाची घडी नवी होती, आजच्याच एस्टीची. बटण दाबलं. पडद्याचा उजेड भिंतीवर पडला आणि पंखा घुमायला लागला.

आये दाराच्या चौकटीला धरून बघत होती. उजेड तिच्या तोंडावर पडला होता. आनंद झालेल्या माणसासारखं ते तोंड नव्हतं.

"उठला," ती म्हणाली.

"उठला. काम पण दिलं वेळेवर. सोमवारपासून पुढचे वीस हायत."

"वीस."

"हं."

आये चौकट सोडून भिंतीला धरत आली आणि चटईवर बसली. बसताना गुडघा वाजला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

"दिपे."

"काय गो?"

"मीच घातलं फडकं."

दीपाली वायर सरळ करत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "माहीत हाय मला."

"लई तापला होता. हात लावला तर चटका बसला. म्हटलं, फुटंल. पडवीतलं फडकं पिळून घातलं. मग ते वाळलं. म्हणून शिंपडलं. दोनदा."

"माहीत हाय, आये." तिने पर्समधून कागदाची पुडी काढून आयेच्या हातावर ठेवली. आयेने पुडी उघडली, खवला बोटावर घेतला, उजेडाकडे धरला. "बांगड्याचा," ती म्हणाली, जणू कुणी ओळखायला दिला होता.

दीपालीला हसू आलं. आठवडाभरातलं पहिलं. "झालं ना आता? मला राग नाय. तू सांगितलं असतंस त्याच दिवशी तर..."

"तुझ्या रागाला घाबरून गप नव्हते गो मी."

"मग?"

पंखा घुमत होता. आयेने हात पुढे करून लॅपटॉपच्या पाठीवर ठेवला. ताप बघतात तसा, उलट्या हाताने. मग हात मागे घेतला.

"तो बंद पडला आणि तू झोपलीस," ती म्हणाली. "उन्हं उतरायच्या आधी झोपलीस ती दिवेलागणीला उठलीस. तोंड उघडं टाकून, पाटीशेजारी दमून झोपायचीस तशी. मी बाजूला बसून बघत होते. परत आल्यापासून तुला तशी नाय बघितली. तेव्हा मी गावच्या भैरीदेवाला हात जोडले, दिपे. म्हटलं, हा नको उठवू. मला जावं लागलं काशीरामकडं तरी चालेल. त्या भिंतीकडं बघत बसेन मी. पण हा नको उठवू."